शून्य विश्वास आणि पेढीची पत

यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा संपादक मंडळाचा आग्रह झाला, तेव्हा आमच्यापुढे नेहमीचेच विषय होते. बाजारपेठेतील वाहनांची कोंडी, चोरले घाटातून गोव्याकडे जाणाऱ्या मालाच्या अडचणी, उधारीची वसुली, यांपैकी कोणत्याही विषयावर चार पाने लिहिणे आम्हांस जड गेले नसते, आणि वाचकांनीही ती मान डोलावून वाचली असती. ते सर्व बाजूस ठेवून आम्ही जो विषय घेतला आहे, त्याचे नाव मात्र व्यापारी माणसाच्या कानास प्रथम बोचणारे आहे. संगणकावर चालणाऱ्या व्यवहाराच्या रक्षणासंबंधी गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगभर एक विचार मान्यता पावला आहे. त्यास ‘झीरो ट्रस्ट’ म्हणतात. मराठीत सांगावयाचे तर शून्य विश्वास.

हे नाव आम्ही पहिल्याने ऐकले ते सभासदांच्याच एका बैठकीत. एका तरुण अभियंत्याचे व्याख्यान होते. त्याने मोठ्या तळमळीने विषय मांडला, परंतु तो खाली बसतो न बसतो तोच आमच्यातील अडतीचे एक जुने व्यापारी उठले आणि म्हणाले, “बाळ, आमच्या आजोबांनी नुसत्या शब्दावर लाखाचे सौदे केले. विश्वास शून्य करून धंदा करावयाचा असेल, तर तो आम्हांस शिकवू नकोस.” सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्यानंतर काही महिन्यांनी बाजारातील एका पेढीवर जो प्रसंग गुदरला, त्याने आमचे मत पालटले. पेढीचे नाव सांगण्याचे कारण नाही. भुसार मालाची, तीन पिढ्यांची पेढी. गुलबर्ग्याकडून तूरडाळ येते आणि माल उतरल्यावर आठ-दहा दिवसांत गिरणीवाल्याची रक्कम बँकेमार्फत जाते, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. एके दिवशी गिरणीच्या नेहमीच्याच ईमेल पत्त्यावरून पत्र आले. मजकूर नेहमीचाच, बिलही बरोबर. शेवटी एवढेच अधिक की, आमचे बँकेतील खाते बदलले आहे, तरी रक्कम नव्या खात्यात भरावी. रक्कम होती अकरा लाख चाळीस हजार. ती त्याच संध्याकाळी भरली गेली. नवव्या दिवशी गिरणीवाल्याचा फोन आला, “शेठजी, या खेपेस उशीर झाला.” मग उलगडा झाला. गिरणीची ईमेल पेटीच कोणा चोराच्या हाती गेली होती, आणि तो आत बसून बिले, तारखा, बोलण्याची ढब सर्व निवांतपणे वाचीत होता. १९३० या सरकारी मदत क्रमांकावर तक्रार नोंदविली गेली. परंतु त्या क्रमांकाचा खरा उपयोग पहिल्या काही तासांत असतो, नऊ दिवसांनी नव्हे.

पैसा गेला तो गेला. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्यापुढचे. नवे खाते बँकेच्या यादीत चढविले कोणी, असा प्रश्न निघाला. संगणकातील नोंद पाहिली तर तेथे नाव ‘ॲडमिन’. पेढीत चार माणसे संगणकावर बसत आणि चौघांचेही नाव ॲडमिनच. चौघांचा परवलीचा शब्द एकच, तो म्हणजे दुकानाचा दूरध्वनी क्रमांक. बँकेच्या नोंदीतही पेढीचे एकच नाव. वेळ सायंकाळी सातनंतरची, आणि सातनंतर पेढीवर बहुधा मुनीमजीच असत. एकतीस वर्षे त्यांनी त्या पेढीचा रोजमेळ सांभाळला होता. शेठजींनी त्यांस एका शब्दाने काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते; न विचारण्यातच सर्व काही बोलून झाले. तिजोरीची किल्ली पूर्वी गादीखाली असे, ती शेठजी घरी नेऊ लागले. पंधरवड्याने मुनीमजी येईनासे झाले.

चार महिने लोटल्यावर पेढीतील बावीस वर्षांच्या कारकुनाने आपल्या वडिलांजवळ तोंड उघडले. पत्र खरे समजून खाते त्यानेच चढविले होते, आणि त्यासाठी लागणारा ओटीपी खुद्द शेठजींनी एका लग्नाच्या पंगतीतून त्याला फोनवर वाचून दाखविला होता. कशासाठी हवा, हे त्यांनी विचारले नव्हते. कारण असे आठ-दहा आकडे ते रोजच सांगत. पोराच्या मनात पाप नव्हते. नंतर नुसती भीती होती. शेठजी मुनीमजींच्या घरी गेले, दोन्ही हात जोडले. मुनीमजींनी चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली. कामावर मात्र ते पुन्हा आले नाहीत.

आता आमच्या त्या वयोवृद्ध स्नेह्यांस आम्ही नम्रपणे विचारतो की, या पेढीत विश्वास होता की नव्हता? पुष्कळ होता. चौघांच्या हाती सर्व किल्ल्या देण्याइतका होता. पण सर्वांच्या हाती सर्व किल्ल्या असल्या म्हणजे चोरी झाल्यावर आळही सर्वांवर येतो, आणि त्यातही जो अधिक इमानी तो आधी सापडतो, कारण उशिरापर्यंत बसलेला तोच असतो. त्या पेढीतील प्रत्येकाचे नाव व अधिकार निराळे असते, तर एकतीस वर्षांची सेवा एका रात्रीत संशयाच्या खाईत पडली नसती. शून्य विश्वास हा विचार इमानी माणसाच्या विरुद्ध आहे अशी समजूत आम्ही करून घेतली होती. आमचे आजचे मत नेमके उलट आहे.

हा विचार आला कोठून, ते थोडक्यात सांगतो. संगणकाच्या रक्षणाची आतापर्यंतची रीत जुन्या वाड्यासारखी होती. दिंडी दरवाजा भक्कम, त्यास अडसर, बाहेर राखणदार. एकदा आत आले की माजघर, कोठार, तिजोरीची खोली सर्व मोकळे. कार्यालयाच्या आत जो संगणक आहे तो आपला, बाहेर जो आहे तो परका, अशी ही सरळ वाटणी होती. २००९ च्या उत्तरार्धात गूगल व अमेरिकेतील आणखी काही कंपन्यांवर जो हल्ला झाला, आणि जो गूगलने जानेवारी २०१० मध्ये जाहीर केला, त्याने ही वाटणी किती पोकळ आहे ते दाखवून दिले. त्याच वर्षी फॉरेस्टर या संशोधन संस्थेतील जॉन किंडरवॅग यांनी ‘झीरो ट्रस्ट’ या नावाने आपली मांडणी पुढे केली. गूगलने पुढे ‘बियाँडकॉर्प’ या नावाने आपली घरचीच व्यवस्था बदलली. माणूस कार्यालयात बसला आहे म्हणून त्यास अधिक सवलत नाही आणि घरी बसला आहे म्हणून कमी नाही, असे ठरविले. अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणसंस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये याचा रीतसर आराखडा प्रसिद्ध केला आणि मे २०२१ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने सरकारी खात्यांनाही ही वाट धरावी लागली.

आराखडा मोठा आहे, पण त्याचा गाभा आमच्या समजुतीप्रमाणे असा : कोण कोठे बसला आहे एवढ्यावरून कोणास मोकळीक द्यावयाची नाही. प्रत्येक वेळी माणसाची ओळख पटवावयाची, त्याच्या हातातील यंत्राचीही पटवावयाची. काम जेवढे तेवढाच अधिकार द्यावयाचा, तोही त्या वेळेपुरता. जे घडेल त्याची नोंद ठेवावयाची. आणि चोर वाड्यात शिरलेलाच आहे असे धरून चालून, तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ शकणार नाही अशी घराची रचना करावयाची. शून्य करावयाचा तो आंधळा, न मागता दिलेला विश्वास. माणसावरील विश्वासाचा येथे प्रश्नच नाही. संगणकाच्या तारेतून माणूस येत नसतो, येते ते त्याचे नाव, आणि नाव कोणीही सांगू शकतो.

तसे पाहिले तर आपल्या पूर्वजांस हे सर्व अवगत होते. आमच्या त्या स्नेह्यांनी आजोबांच्या शब्दाचा दाखला दिला. परंतु त्याच आजोबांची हुंडी त्यांनी कधी उलगडून पाहिली असती, तर ते इतक्या आवेशाने उठले नसते. हुंडीत रक्कम आकड्यांत लिहीत, मग अक्षरांत लिहीत, आणि एवढ्यावर समाधान न मानता त्या रकमेची निम्मी रक्कम लिहून ‘याचे दुप्पट पुरे’ अशा अर्थाचे शब्द घालीत. हजाराची हुंडी असेल तर निमे पाचशे, त्याचे दुप्पट. म्हणजे मध्ये कोणी एक शून्य वाढविले तरी निम्म्याशी ताळा जमू नये. हुंडी ज्याच्या हाती असे त्याखेरीज लिहिणारा पेढीवाला दुसऱ्या गावच्या पेढीस निराळे सूचनापत्र पाठवी. हुंडी एका वाटेने आणि खबर दुसऱ्या वाटेने. शाहजोग हुंडी असली तर आणणाऱ्या कोणासही पैसे मिळत नसत. बाजारात ज्याची पत आहे अशा शाहाच्या हातीच रक्कम द्यावयाची, आणि तो शाह आहे की नाही याची खातरजमा देणाऱ्याने करावयाची, अशी रीत होती. मूळ हुंडी गहाळ झाली तर पेठ, तीही गहाळ झाली तर परपेठ लिहून देत. त्यांपैकी एकीवर रक्कम दिली की बाकीच्या रद्द. आणि भरपाई झालेल्या हुंडीचा खोखा जपून ठेवीत, ती पुन्हा फिरू नये म्हणून.

आता यात विश्वास कमी होता असे कोण म्हणेल? तरीही प्रत्येक कागदाची प्रत्येक वेळी पारख होत असे, आणि हुंडी पारखली म्हणून लिहिणाऱ्याचा अपमान झाला असे कोणी मानीत नसे. उलट, न पारखता पैसे देणारा पेढीवाला बाजारात हसे करून घेई. आजही बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या दोघांकडे असतात आणि दोघे आल्यावाचून ती उघडत नाही. त्यावरून व्यवस्थापक व रोखपाल यांचे वैर आहे असे आपण म्हणत नाही. मग संगणक आल्याबरोबर आपण ही सर्व रीत माळ्यावर का टाकली? आमच्या मते कारण एवढेच की, चोपडी हाती दिसत असे, किल्ली हाती दिसत असे. परवलीचा शब्द दिसत नाही. दहा जणांस दिला तरी आपल्या खिशातला तो कमी झाल्यासारखा वाटत नाही.

हुंडीची ही रीत मोडली की काय होते, याचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. ऑगस्ट २०१८ मध्ये ११ व १३ या दोन तारखांना तिचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमवर कार्ड आले म्हणजे ते खरे की खोटे, खात्यात शिल्लक आहे की नाही, हे बँकेच्या मुख्य प्रणालीस विचारून मगच पैसे सोडावयाचे असतात. चोरांनी या प्रश्नोत्तराच्या मध्येच आपला खोटा उत्तरदार बसविला, आणि येईल त्या मागणीस तो ‘द्या’ म्हणून सांगत गेला. २८ देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांवर पैसे निघाले. त्याखेरीज तेरा कोटी ब्याण्णव लाख हाँगकाँगमधील एका खात्यात पाठविले गेले. जुन्या भाषेत सांगावयाचे तर हुंडी खोटी आणि सूचनापत्रही खोटे, दोन्ही एकाच वाटेने आली आणि दुसऱ्या वाटेने कोणी विचारले नाही. कोणा एका माणसास येथे दोष देण्याचा आमचा हेतू नाही. प्रणालीच्या आतून आलेले उत्तर खरेच असणार, हे गृहीत धरणे भोवले, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

दुसरे उदाहरण दूरचे, पण दुकानदारीचे आहे. अमेरिकेतील टार्गेट या साखळी दुकानांच्या कंपनीत २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सुमारे चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीस गेली. चोर मोठ्या दरवाजाने आलेच नाहीत. दुकानांतील शीतयंत्रे सांभाळणाऱ्या एका ठेकेदारास कंपनीच्या संगणकात बिले वगैरे पाठविण्यापुरता प्रवेश होता. त्याचा परवलीचा शब्द त्यांनी चोरला, आणि तेथून वाट काढीत ते थेट गल्ल्यापर्यंत पोहोचले. शीतयंत्रवाल्याच्या वाटेने गल्ल्यापर्यंत जाता यावे हीच चूक. आपल्या पेढीत संगणक दुरुस्त करणारा येतो, कॅमेरे बसविणारा येतो, हिशेबाची प्रणाली विकणारा दूर गावाहून आपला संगणक उघडून काम करून देतो. त्यांचे काम संपल्यावर ती वाट बंद होते काय, हे आपणांपैकी किती जणांनी पाहिले आहे? आम्ही पाहिले नव्हते. पाहिले तेव्हा तीन वर्षांपूर्वी धंदा बंद करून गेलेल्या एका गृहस्थाची वाट अद्याप उघडी होती.

आता आपल्या सारख्या पेढ्यांनी करावयाचे काय? याविषयी एक गोष्ट आधीच बजावून ठेवतो. झीरो ट्रस्ट असे नाव छापलेली खोकी आणि वार्षिक वर्गणीच्या योजना घेऊन येणारे विक्रेते पुष्कळ आहेत. त्यांत कामाच्या वस्तू नाहीत असे नव्हे, पण ही शिस्त आहे, माल नव्हे. पहिले पाऊल तर बिनपैशाचे आहे : जितकी माणसे तितकी नावे. हिशेबाच्या प्रणालीत, बँकेत, मालाच्या नोंदीत प्रत्येकाचे स्वतःचे नाव, स्वतःचा परवलीचा शब्द. वखारीतला माणूस माल चढवील व उतरवील. त्यास ताळेबंद दिसण्याचे कारण नाही. वसुलीस फिरणाऱ्या विक्रेत्यास आपल्या गिऱ्हाइकांची येणी दिसावीत, दुसऱ्याच्या गिऱ्हाइकांची नव्हे. बँकेत एकाने रक्कम भरण्याची नोंद करावी, दुसऱ्याने ती मंजूर करावी. ही सोय व्यापारी खात्यांसाठी बहुतेक बँका देतात, फक्त मागावी लागते. आणि खाते बदलल्याचे पत्र आले तर, ते कोणाच्याही पत्त्यावरून आलेले असो, पत्रात छापलेल्या क्रमांकावर नव्हे तर आपल्या जुन्या वहीतील क्रमांकावर फोन करून मालकाचा आवाज ऐकल्यावाचून पैसा हलवू नये. दुसऱ्या वाटेचे सूचनापत्र ते हेच.

नोंदीविषयी सरकारनेही थोडे केले आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी कायद्याखालील कंपन्यांना अशीच हिशेबप्रणाली वापरावी लागते की, जीत प्रत्येक फेरफाराची तारखेसह नोंद राहील आणि ती नोंद बंद करता येणार नाही. आपल्यातील बहुसंख्य पेढ्या भागीदारीच्या किंवा एकट्याच्या मालकीच्या. त्यांस हा नियम लागू नाही. म्हणून ती नोंद आपण बंद करून ठेवावी काय? पूर्वी चोपडीत खाडाखोड केली तर ती दिसत असे, आणि मुनीम आकडा खोडून नवा लिही तेव्हा जुना वाचता येईल असाच खोडी. संगणकातली खाडाखोड दिसत नाही, एवढाच फरक. आणि तो फरक सोयीचा वाटू लागला तर आपणच आपल्यास काही प्रश्न विचारावेत.

नोकरी सोडून जाणाऱ्याचे नाव त्याच दिवशी बंद करणे, हिशेबाची एक प्रत संगणकापासून अलग ठेवणे, येणाऱ्या-जाणाऱ्यांस दिलेले वायफाय आणि पेढीचे वायफाय निराळे ठेवणे, कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलणे, ही कामे घरातील कोणताही महाविद्यालयीन मुलगा वा मुलगी एका रविवारी करून देईल. त्यावर अधिक लिहीत नाही.

खरी अडचण येथे नाहीच. या शिस्तीस विरोध होईल तो नोकरांकडून नव्हे, गादीवरून होईल, असे आम्हांस अनुभवाने वाटते. चिरंजीव सर्व व्यवस्था लावून देतात, प्रत्येकास नाव देतात, आणि शेठजी म्हणतात, “मला कशाला? मी मालक आहे.” मग शेठजींच्या नावास सर्व अधिकार, त्यांचा परवलीचा शब्द चार अक्षरांचा, आणि तो टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर. चोरास आणखी काय हवे! ज्याच्या नावावर सर्व उघडते त्याच्याच नावाची पारख अधिक कडक असावयास हवी. रोजचे बिल पाहण्यास मालकास सर्वाधिकार लागत नाहीत. ते नाव निराळे ठेवावे आणि वर्षातून चार वेळा, लागेल तेव्हाच, वापरावे.

ओटीपीची गोष्टही अशीच. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल व ई-इनव्हॉइस यांच्या पोर्टलवर सर्व करदात्यांस दुहेरी पडताळणी आवश्यक झाली. हेतू चांगला. पण पुष्कळ पेढ्यांत झाले काय, तर क्रमांक शेठजींच्या मोबाइलवर येतो, आणि शेठजी तो मंदिरातून, दवाखान्यातून, आगगाडीतून ओरडून सांगतात. दुहेरी कुलूप लावून दुसरी किल्ली खिडकीतून फेकण्यासारखेच हे! त्याच पोर्टलवर मालकाच्या नावाखाली उपनावे काढता येतात, त्यांस ज्याचा त्याचा मोबाइल जोडता येतो, आणि कोणते काम कोणी करावे हेही ठरविता येते. अर्ध्या तासाचे काम आहे. ते न करण्याचे कारण आळस म्हणावे तर शेठजी आळशी नसतात. आपल्यावाचून पेढीचे पान हलत नाही, या भावनेत एक सुख असते. ते सोडवत नाही. आमच्या वयाच्या मंडळींनी यावर रागावू नये. आम्ही स्वतःविषयीच बोलत आहोत.

काही शंका रास्त आहेत. कामाचा वेग थोडा मंदावतो, हे खरे. सणाच्या गर्दीत मंजुरी देणारा जागेवर नसला तर गाडी खोळंबते. म्हणून एकास दोन मंजुरीदार आधीच ठरवून ठेवावे लागतात. बापलेक अशा दोघांचेच दुकान असेल तर वरील सगळा पसारा मांडण्याचे कारण नाही. दोन नावे आणि बँकेची दुहेरी पडताळणी एवढे पुरे. आणि एक इशाराही देतो. शून्य विश्वासाचे नाव सांगून नोकराच्या डोक्यावर कॅमेरा लावणे, त्याचा खासगी मोबाइल चाळणे, त्याच्या बसण्या-उठण्याचा हिशेब ठेवणे, असे प्रकार आम्ही ऐकले आहेत. त्याचा या विचाराशी काही संबंध नाही. पारख व्यवहाराची करावयाची असते. माणसाची चौकशी करीत बसलात तर चांगली माणसे जातील आणि उरतील ती कॅमेऱ्याकडे पाहून काम करणारी.

शेवटी आमच्या स्वतःच्या एका गोष्टीविषयी लिहितो, कारण ती आपल्यापैकी पुष्कळांची आहे. डिजिटल सहीचे ते बोटाएवढे टोकन. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने ही सही हातच्या सहीसारखी मानली आहे आणि तिची गुप्त किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची काळजी ज्याची सही त्याने घ्यावी, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. कोऱ्या कागदावर सही करून तो कोणाकडे ठेवावयास आपल्यातील कोणी धजणार नाही. पण टोकन मात्र कर सल्लागाराकडे, आणि त्याचा परवलीचा शब्द टोकनावरच चिकटविलेल्या कागदावर. आमचेही कित्येक वर्षे तसेच होते. त्यांच्या खणात रबर लावलेला पंधरा-वीस टोकनांचा गठ्ठा असे, त्यात आमचे एक. गेल्या वर्षी ते परत आणावयास गेलो तेव्हा तेथील कामाचा मुलगा कावराबावरा झाला. “काका, आमचे काही चुकले का?” असे त्याने विचारले. त्याचे काही चुकले नव्हते, आणि तसे आम्ही त्यास सांगितले. त्या गठ्ठ्यातले एखादे टोकन उद्या भलत्याच कागदावर चालले तर पहिली विचारणा कोणाकडे होईल, तेही सांगितले. तो थोडा वेळ खणाकडे पाहत राहिला. आता विवरणपत्रावर सही करावयाची असली की आम्ही टोकन घेऊन त्यांच्या कार्यालयात जाऊन बसतो. दहा मिनिटे लागतात, चहा मिळतो. मागच्या खेपेस गेलो तेव्हा त्या मुलाने आणखी सहा जणांना फोन करून त्यांची टोकने नेण्यास सांगितल्याचे कळले. चौघे येऊन गेले होते, दोघांनी “असू दे रे तुझ्याकडेच” म्हणून फोन ठेवला होता.